पाणी वाचणारा माणूस

हेदवीला गेलं की आपल्या हॉस्टेलची पोरं आधी दशभुज गणपतीचं दर्शन घेतात आणि मग समुद्रावर जातात, बामणघळ बघायला. उमामहेश्वराच्या देवळाजवळून खडकांवरून सांभाळत चालत गेलं की ती अरुंद भेग दिसते. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते, आत दाबली जाते आणि एकदम वर उसळते. सगळे भिजतात, सगळे ओरडतात, सगळे फोटो काढतात. मेकॅनिकलवाला असेल तर फ्लुइड मेकॅनिक्समधलं काहीतरी बोलून घेतो, सिव्हिलवाला खडकाच्या झिजेवर व्याख्यान देतो. मग वडापाव खाऊन मंडळी परत.

फायनल इयरला आम्ही चौघं असेच तिथे बसलो होतो. विषय प्रोजेक्टचा होता. गावाच्या पाणीपुरवठ्याची माहिती देणारं अ‍ॅप करायचं, असं आमचं ठरलं होतं. सरांनी सिनॉप्सिस वाचला आणि विचारलं, हे वापरणार कोण? आम्ही म्हटलं, नागरिक. सर म्हणाले, कुठला नागरिक? यावर चौघंही गप्प. मग त्यांनी सांगितलं की पब्लिक इंटरेस्ट टेक्नॉलॉजी आणि सिव्हिक टेक हे दोन शब्द नुसते कव्हर पेजवर छापू नका, त्यावर आधी काहीतरी वाचून या.

वाचायला बसलो. पहिल्या शब्दाचा अर्थ असा की तंत्रज्ञान लोकांच्या भल्यासाठी वापरायचं, नफा हा पहिला हेतू नाही. दुसऱ्याचा अर्थ असा की नागरिक आणि सरकार यांच्यामधलं काम सोपं आणि उघडं करणारी साधनं तयार करायची. अर्थ कळला, पण उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली. आपल्याकडचं कुणी आहे का, हे शोधताना लायब्ररीतल्या मागच्या कपाटात महाराष्ट्र शासनाने काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड दिसले. खंड 10 सहज उघडला. तो त्यांच्या 1942 ते 1946 या काळातल्या सरकारी कामाचा आहे. कामगार कायदे असतील असं वाटलं होतं. ते होतेच, पण त्याबरोबर नद्या होत्या, धरणं होती, वीज होती. वकील आणि अर्थशास्त्रज्ञ असलेला माणूस इंजिनिअर लोकांच्या बैठकीत पुराच्या पाण्याचं काय करायचं ते सांगत होता!

बाबासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि कदाचित म्हणूनच त्यांना वाचायचं राहून जातं. 14 एप्रिलला मिरवणूक, 6 डिसेंबरला चैत्यभूमी, नागरिकशास्त्राच्या पेपरात घटनेचे शिल्पकार म्हणून दोन मार्क. एवढ्यावर आपल्याला वाटतं की माणूस कळला. हा लेख त्या न वाचलेल्या भागाविषयी आहे.

तहान

बाबासाहेब आपल्याच जिल्ह्याचे. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. जन्म मात्र 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं आणि मग साताऱ्याला गेलं. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच गेल्या.

साताऱ्याच्या शाळेत पाण्याचा नळ होता. पण भीमरावाने त्याला हात लावायचा नाही असा नियम. तहान लागली की मास्तरांना सांगायचं, मग शिपाई येऊन नळ सोडणार. शिपाई रजेवर असेल तर दिवसभर तहानलेलं राहायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पाइप ठीक, प्रेशर ठीक, नळ ठीक, आणि तरीही मुलाला पाणी नाही. बिघाड नळात नव्हताच.

1901 सालची गोष्ट याहून कठीण आहे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गोरेगाव म्हणून गाव आहे. तिथे दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता आणि रामजी त्या कामावर कॅशियर होते. सुट्टीत मुलांनी तिकडे यावं असं ठरलं. भीमराव, त्याचा भाऊ आणि घरातली इतर मुलं नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणीच आलं नाही. मुलांची जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, पण अट अशी की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात जेवण होतं, पण वाटेत कुणी पिण्याचं पाणी दिलं नाही. रात्री एका टोलनाक्याजवळ थांबले. तिथेही पाणी मागून मिळालं नाही. भरलेला डबा तसाच ठेवून मुलं उपाशी झोपली.

यातली एक बाजू आम्हाला वाचताना फार लागली. ही मुलं निघाली होती ती एका तलावाच्या कामावर. त्यांचे वडील त्या तलावाच्या मजुरीचा हिशोब लिहीत होते. सरकारी पैशातून, लोकांच्या भल्यासाठी पाणी साठवण्याचं काम चाललं होतं आणि त्याच कामावरच्या कॅशियरच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळत नव्हतं. लोकोपयोगी काम म्हणजे काय, याचा हा धडा त्या मुलाला दहाव्या वर्षी मिळाला, आणि तोही कुठल्याही पुस्तकाशिवाय.

पुस्तकं

पुढे कुटुंब मुंबईला आलं, परळच्या चाळीतल्या एका खोलीत. एवढ्या माणसांत अभ्यास कसा व्हायचा? मग भीमराव लवकर झोपायचा आणि वडील रात्री दोनपर्यंत जागे राहून त्याला उठवायचे. पहाटेपर्यंत अभ्यास. मुलाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना उसना घ्यायचे, तो गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून परत द्यायचे. सेमिस्टरच्या आदल्या रात्री झेरॉक्सवर भागवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत तो भरला. 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मदतही त्यांच्यामुळेच मिळाली. सयाजीराव म्हणजे ज्यांनी आपल्या संस्थानात गावोगावी सार्वजनिक वाचनालयं उघडली ते महाराज. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

तिथे ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं मिळेल ते शिकले. जेवणाचे पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून खरेदी चालायची. प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी सार्वजनिक वित्त हा विषय घेतला. पुढे प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आहे. कर कुणाकडून गोळा होतो, मध्यवर्ती सरकार किती ठेवतं, प्रांताला किती मिळतं, आणि रस्ता किंवा कालवा करायचा तर बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हा त्याचा विषय. वाचायला रुक्ष वाटतो. पण तीस वर्षांनी एका नदीच्या काठावर तो कसा कामाला आला ते पुढे येईलच.

1917 मध्ये ते परतले तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान घेऊन येणारी बोट वाटेत बुडाली. 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले आणि त्याच वर्षी त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हाचे जाणकार म्हणत होते की हिंदुस्थानातली शेती तुकड्या-तुकड्यांची आहे म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे जोडा. या तरुण प्राध्यापकाने आकडे वाचून वेगळंच दाखवलं. नुसत्या क्षेत्रफळावरून शेत लहान की मोठं ते ठरत नाही. त्या शेतावर अवजारं, बैल आणि भांडवल किती आहे त्यावर ते ठरतं. जमिनीवर माणसं फार आणि भांडवल कमी, हे खरं दुखणं आहे, आणि त्याचा उपाय शेताबाहेर आहे, उद्योगधंद्यांत. म्हणजे सगळे उत्तरावर वाद घालत असताना त्यांनी आधी प्रश्न तपासून घेतला. त्यांच्या वाचनाची ही सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे.

1920 मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताना शिरायचं आणि बंद होताना बाहेर पडायचं. पोटात जेमतेम काहीतरी. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एससी. मिळाली, बॅरिस्टरही झाले आणि मुंबईला परत आले.

महाडचं तळं

मुंबई-गोवा हायवेने येताना महाड लागतं. आपल्यातले निम्मे सुट्टीहून येताना तिथे झोपलेले असतात. गावात चवदार तळं आहे.

1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता आणि तो मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे आपलं तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर काम पूर्ण झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला त्या पाण्याला हात लावता आला नाही. कॉम्प्युटरवाल्यांना लगेच समजेल: परमिशन दिलेली होती, अ‍ॅक्सेस नव्हता.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब परिषदेला जमलेल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे प्यायले. त्यात आपल्या जिल्ह्यातून चालत आलेली माणसंही होती. नंतर गावात अफवा उठली, माणसांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम हातात होता. लोक तयारीने आले होते, तरी बाबासाहेबांनी तो हुकूम मोडू दिला नाही. पुढची लढाई कागदांची होती. तळं खाजगी की सार्वजनिक, ही जागा कुणाची, देखभाल कुणी केली, हे सगळं जुन्या नोंदींतून सिद्ध करायचं होतं. हायकोर्टाचा निकाल लागला मार्च 1937 मध्ये, अस्पृश्यांच्या बाजूने. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

मध्यंतरी 1929 च्या एप्रिलमध्ये ते चिपळूणला आले होते, जिल्ह्यातल्या परिषदेसाठी. तेव्हा कोकणात खोती होती. खोत हा सरकार आणि कुळ यांच्यामधला माणूस. सारा तो गोळा करणार, वर आपला हिस्सा घेणार, आणि वेठही करून घेणार. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. कायदा झाला तो 1949 मध्ये. आता हा विषय पाण्याच्या गोष्टीत कशाला, असं कुणी विचारेल. तर बंधारा कुणाच्याही जमिनीवर बांधला तरी त्याचा फायदा सातबारा ज्याच्या नावावर त्याला पहिला मिळतो. जमिनीचा कागद न वाचता पाण्याची योजना आखली की ती वरच्या वाडीपर्यंतच पोचते.

दामोदर

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तेव्हाच्या मजूर खात्यात कामगारांबरोबर खाणी, सरकारी बांधकामं, पाटबंधारे आणि वीज हे विषयही येत. डिसेंबर 1943 मध्ये ते कोळसा खाणींच्या पाहणीसाठी धनबाद भागात गेले आणि खाणीत खाली उतरून मजूर कसे काम करतात ते बघून आले. हा सगळा दामोदर नदीच्या खोऱ्यातला मुलूख.

त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदरला मोठा पूर आला होता. वर्धमानजवळ बांध फुटला, ग्रँड ट्रंक रोड आणि रेल्वेमार्ग वाहून गेले आणि ऐन युद्धात कलकत्त्याचा बाकीच्या देशाशी संपर्क तुटला. बंगालमध्ये तेव्हा दुष्काळाने माणसं मरत होती. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यात मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत 1933 मध्ये टेनेसी नदीसाठी एकच प्राधिकरण स्थापन झालं होतं. धरणं, वीज, पूरनियंत्रण, शेती, सगळं एका छत्राखाली. समितीने तसंच काहीतरी दामोदरसाठी सुचवलं.

इथून बाबासाहेबांचं काम सुरू होतं. अडचण अशी होती की धरणं बांधायची बिहारमध्ये, जमीन बुडणार बिहारची, आणि पुरापासून वाचणार मुख्यतः बंगाल. बिहारने का ऐकावं? खर्च कुणी किती उचलायचा? 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्याला केंद्र, बंगाल आणि बिहारची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी होते बाबासाहेब. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो रुक्ष प्रबंध लिहिणाराच माणूस तिथे बसला होता. नुसता पूर अडवणारा बांध नको, पाणी साठवा, त्यातून सिंचन करा, वीज करा, जलवाहतूक करा, म्हणजे दोन्ही प्रांतांना काहीतरी मिळेल आणि खर्चाची वाटणी करता येईल, असा त्यांचा मुद्दा होता. टेनेसीवर काम केलेले इंजिनिअर व्हुर्डुइन यांना बोलावण्यात आलं आणि त्यांनी ऑगस्ट 1945 मध्ये आठ धरणांचा आराखडा दिला. इंजिनिअरिंग इंजिनिअरांनीच केलं. पण दोन प्रांतांना एका टेबलावर आणून नदीकडे नदी म्हणून बघायला लावायचं काम एका वाचणाऱ्या माणसाने केलं.

त्याच काळात केंद्र सरकारने वीज आणि जलमार्गांसाठी तज्ज्ञांची मंडळं उभी केली. 1945 मध्ये स्थापन झालेलं जलमंडळ म्हणजे आजच्या केंद्रीय जल आयोगाची सुरुवात. अजुधिया नाथ खोसला त्याचे पहिले अध्यक्ष.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा धडा मात्र नोव्हेंबर 1945 मधल्या कटकच्या परिषदेत आहे. ओरिसात महानदीचे पूर नेहमीचेच. त्यावर 1928 पासून एकामागून एक समित्या बसल्या होत्या. त्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारख्या थोर इंजिनिअरचे अहवालही होते. बाबासाहेबांनी ते वाचले होते. त्यांचं म्हणणं असं होतं की या सगळ्यांनी पुराचं पाणी हे जादा पाणी मानलं आणि ते लवकरात लवकर समुद्रात कसं घालवायचं याचा विचार केला. तिथेच चूक झाली. या देशात माणूस जादा पाण्यापेक्षा पाण्याच्या टंचाईने जास्त हाल सोसतो. पाणी ही संपत्ती आहे, ती घालवायची नसते, साठवायची असते. म्हणजे 1918 मध्ये शेतजमिनीच्या बाबतीत त्यांनी जे केलं तेच इथेही केलं. उत्तर देण्याआधी त्यांनी प्रश्न कसा मांडलाय ते वाचलं. आणि टंचाई म्हणजे काय हे मसूर ते गोरेगावच्या रस्त्यावर कळलेल्या माणसाने ते वाचलं, हेही विसरता येत नाही.

मार्च 1946 मध्ये हिराकूडची पायाभरणी झाली. 1946 च्याच उन्हाळ्यात बाबासाहेब त्या मंत्रिपदावरून मोकळे झाले. जुलै 1948 मध्ये दामोदर खोरे निगम अस्तित्वात आलं. घटना लिहिताना आंतरराज्य नद्यांसाठी केंद्राच्या यादीतली नोंद आणि पाणीतंट्यांसाठीचं कलम 262 त्यात आलं. त्याच मंत्रिपदावर असताना कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आणणारं विधेयकही त्यांनी मांडलं होतं. आपण उद्या प्लेसमेंटनंतर ज्या शिफ्टमध्ये बसू, तिच्यामागेही हे वाचन आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख जयंतीचं भाषण होईल. दामोदरच्या आठपैकी पहिल्या टप्प्यात चारच धरणं झाली: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. दहा लाख क्युसेकचा पूर पेलायचा म्हणून आखलेली योजना अर्धीच उभी राहिली आणि खालच्या भागात पुढेही पूर येत राहिले. धरणांत आदिवासींची गावं गेली आणि त्यांतल्या कितीतरी जणांना नीट जमीन मिळाली नाही. एकट्या हिराकूडने लाखावर माणसं हलवली. ज्यांचं घर बुडालं त्यांच्या झोपडीत वीज कधी आली, हा प्रश्न उरतोच. लोकांसाठी म्हणून केलेल्या कामातही लोक म्हणजे नक्की कोण हे पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. एकदा कुणीतरी विचारलं होतं म्हणून भागत नाही.

बाबासाहेबांना यातलं फारसं बघायला मिळालं नाही. हिराकूडचं उद्घाटन जानेवारी 1957 मध्ये झालं. ते 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत गेले. त्याआधी 14 ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. शेवटच्या रात्रीही बुद्धावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पानं त्यांच्या टेबलावर होती. केळुसकर गुरुजींनी भेट दिलेल्या पुस्तकापासून या पानांपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. दादरला त्यांनी राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून, आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं ते दुसऱ्यांनाही वाचता यावं म्हणून.

आणि आमचं प्रोजेक्ट

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. वहाळ भरून वाहतात आणि बघता बघता सगळं समुद्राला मिळतं. एप्रिल-मे आला की टँकर. कटकला जे बोललं गेलं ते कोकणाला तंतोतंत लागू पडतं. पावसाळा संपताना गावोगाव पोत्यांचे वनराई बंधारे घालतात ते याच विचाराचं छोटं रूप आहे.

खंड 10 वाचून झाल्यावर आम्ही आमचा सिनॉप्सिस पुन्हा काढला. त्यात नळजोडण्यांची संख्या दाखवणारा एक सुंदर डॅशबोर्ड होता. हिरवा रंग म्हणजे जोडलेलं घर. मग आम्ही तालुक्यातल्या एका वाडीत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी आम्हाला चहा दिला आणि मोकळेपणाने सगळं सांगितलं. वाडी पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. नळ प्रत्येक घराला होता, म्हणजे आमच्या स्क्रीनवर वाडी हिरवीगार दिसली असती. पाणी दिवसाआड यायचं, आणि टोकाच्या घरात पोचेपर्यंत धार करंगळीएवढी व्हायची. एका आजींनी विचारलं की तुमच्या मोबाइलमधून पाणी येणार का? आम्ही हसलो, पण परत येताना कुणीच बोललं नाही. साताऱ्याच्या शाळेतला नळ आणि महाडचा ठराव दोन्ही आठवत होते.

शेवटी अ‍ॅप बाजूला ठेवलं. एक साधी वही केली. घर, वार, किती वाजता पाणी आलं, किती मिनिटं आलं, किती हंडे भरले. वाडीतल्या दहावीतल्या दोन मुलींनी ती दीड महिना लिहिली. यादी टाकीपासून सुरू न करता शेवटच्या घरापासून सुरू केली. त्यातून आलेला तक्ता वाडीतल्या लोकांनी स्वतः ग्रामसभेत वाचून दाखवला. लगेच काही क्रांती झाली नाही. एक व्हॉल्व्ह कुठे बसवायचा यावर चर्चा झाली आणि तो बसवायचं ठरलं, एवढंच. व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं की यात टेक्नॉलॉजी कुठे आहे. मार्क ठीकठाक पडले.

मित्रांनो, आपण चार वर्षांत फॉर्म्युले खूप पाठ करतो आणि ते करायलाच हवेत. कच्च्या हिशोबाचं धरण कुणाच्याच कामाचं नाही. पण आपल्या हातातला प्रश्न कुणी मांडला आणि त्यात कोण सुटलं, हे सिलॅबसमध्ये येत नाही. ते अहवालात असतं, जुन्या निकालात असतं, सातबाऱ्यावर असतं, ग्रामपंचायतीच्या ठरावात असतं. माहितीचा अधिकार 2005 पासून लागू आहे, त्यामुळे यातलं बरंच मागून मिळतं. फक्त वाचायला बसावं लागतं.

आता हेदवीला गेलो आणि बामणघळीतून पाणी उसळलं की आम्हीही सगळ्यांसारखे ओरडतो. पण परत येताना वाटेतल्या वाडीतल्या विहिरीत डोकावून पाणी किती खाली गेलंय ते बघायची सवय लागली आहे.

खंड 10 आम्ही लायब्ररीत परत केला आहे. मागच्या कपाटात, खालून दुसरा कप्पा.